जलतरणपटू कै. आरती साहा : एक स्फूर्तिदायी चरित्र

प्रतिवर्षी आमच्या ह्या स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे किंवा स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. विद्या, व्यापार, शेती, शासनसेवा, समाजकार्य अशा क्षेत्रांत ज्यांनी नाव मिळविले त्यांची ओळख घरोघर पोहोचावी, मुलाबाळांनी ती वाचावी आणि त्यांतील एखादा तरी गुण आपल्या अंगी यावा अशी उमेद धरावी, एवढाच त्यामागील हेतू. ह्या वर्षी मात्र आम्ही हा प्रघात जाणूनबुजून मोडीत आहोत. ज्या स्त्रीचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत ती आमच्या ज्ञातीची नव्हे, आमच्या प्रांताची नव्हे आणि आमची भाषा बोलणारीही नव्हे. ती वंगभूमीची कन्या. तथापि तिच्या चरित्रात असे काही आहे की, ज्याची आमच्या ज्ञातीतील प्रत्येक घरास आज गरज आहे, अशी आमची खात्री झाली आहे. आणि गुणांची पारख करताना वंशावळ पाहू नये, ही शिकवण आमच्या संतांनी आम्हांस फार पूर्वीच दिलेली आहे.

समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब हे आमच्याच घनसावंगी तालुक्यातील. नाशिकजवळील टाकळी येथे नदीच्या पाण्यात उभे राहून समर्थांनी बारा वर्षे तपाचरण केले असे परंपरा सांगते. आणि नाशिकास पावन करणारी तीच गोदावरी पुढे पैठणवरून वाहत येऊन आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने जाते. ज्या सत्पुरुषाने गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेचा उपदेश केला, त्याच्या जन्मभूमीत शरीरबळाची थोरवी निराळी सांगावयास नको. परंतु ते शरीरबळ आम्ही आजवर आपल्या मुलग्यांपुरतेच मोजीत आलो, ही गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे.

आमच्या गावांतील जुन्या मंडळींना आठवत असेल की, पोहणे शिकण्याची शाळा म्हणजे शेतातील विहीर. उन्हाळ्याचे दिवस आले की पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधायचे, कमरेस दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या हातात. चार-आठ दिवसांत मुलगा तरंगू लागे आणि पंधरवड्यात भोपळा सुटे. हे सारे मुलग्यांसाठी. मुलगी त्याच विहिरीवर घागर घेऊन जाई, वाकून पाणी शेंदी, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चढे-उतरे. परंतु तिला पोहावयास शिकवावे असे कोणाच्या मनात येत नसे. जिने जन्मभर विहिरीचे पाणी भरले, तिचाच पाय त्या विहिरीत घसरला तर तिला चार हात मारून काठ गाठता येऊ नये, ह्यासारखी खेदाची गोष्ट दुसरी कोणती? ही खंत मनात ठेवूनच आम्ही कै. आरती साहा ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्ता शहरी झाला. वडिलांचे नाव पांचुगोपाल साहा. ते सैन्यदलाच्या नोकरीत एक सामान्य कर्मचारी होते. घरची परिस्थिती बेताची. तीन अपत्यांत आरती मधली; एक वडील भाऊ आणि भारती नावाची धाकटी बहीण. आरती अवघी अडीच वर्षांची असताना तिचे मातृछत्र हरपले. भाऊ आणि बहीण मामाच्या घरी वाढली, तर आरतीचे संगोपन उत्तर कलकत्त्यात आजीने केले. आई नाही, भावंडे दूर, वडील नोकरीत गुंतलेले. अशा मुलीच्या नशिबी पुढे काय येते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजीच्या पदराआड घरकाम शिकत ती मोठी झाली असती आणि योग्य वयात उजवली गेली असती, तर कोणी त्याला दैन्य म्हटले नसते. जगाची रीतच ती.

परंतु घरातील वडीलधाऱ्या आप्ताबरोबर ही चार वर्षांची पोर हुगळी नदीच्या चांपातला घाटावर स्नानास जाऊ लागली. मोठी माणसे स्नानसंध्येत असताना तिने पाण्याशी मैत्री केली आणि बघता बघता ती पोहू लागली. मुलीची ही आवड वडिलांच्या दृष्टीस पडली. येथेच तिच्या आयुष्याला वळण लागले, असे आम्ही मानतो. पाण्यात फार खेळू नकोस, सर्दी होईल, असे सांगून तिला घरी बसविणे सोपे होते. पांचुगोपालांनी तसे केले नाही. त्यांनी तिला हाटखोला येथील जलतरण मंडळात दाखल केले. १९४६ साली, वयाची सहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, शैलेंद्र स्मृती जलतरण स्पर्धेत ११० यार्डांच्या मुक्त शैलीच्या शर्यतीत तिने सुवर्णपदक पटकाविले.

ह्याच सुमारास सचिन नाग ह्या थोर जलतरणपटूची नजर तिच्यावर गेली आणि त्यांचे मार्गदर्शन तिला लाभले. हे तेच सचिन नाग, ज्यांनी १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत १०० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकले. गुरू असा लाभल्यावर आणि शिष्येच्या अंगी जन्मजात ओढ असल्यावर प्रगतीस कितीसा वेळ लागणार? १९४५ ते १९५१ ह्या अवधीत बंगाल प्रांतातील स्पर्धांत तिने एकंदर २२ विजय मिळविले. तिच्या मुख्य शर्यती तीन : १०० मीटर मुक्त शैली, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक.

ज्यांनी स्पर्धेतील पोहणे पाहिलेले नाही अशा वाचकांकरिता ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे काय ह्याचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. मुक्त शैलीत जलतरणपटू एकामागून एक हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकतो आणि पायांनी सतत फटकारे मारतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शरीर छातीवर पालथे असते, दोन्ही हात एकाच वेळी छातीपासून पुढे लांबवायचे आणि बाजूंस फाकवून पाणी मागे सारायचे; त्याच तालावर दोन्ही गुडघे दुमडून पाय बाहेरच्या अंगाने मागे झटकायचे. विहिरीतील बेडूक ज्या रीतीने पोहतो, थेट तीच ही रीत. आमच्या खेड्यांतील पुष्कळ मुले कोणी न शिकविता प्रथम असेच पोहतात. दिसावयास ही पद्धती सोपी दिसते. परंतु स्पर्धेच्या चार शैलींत हिचा वेग सर्वांत कमी आणि हिची शिस्त सर्वांत कडक. हात आणि पाय ह्यांचा मेळ रेसभर चुकला की सारे बळ वाया जाते. पुढे सरकण्याचा बराचसा जोर पायांच्या झटक्यात असतो. उतावळेपणा करणाऱ्यास ही शैली साधत नाही. जो ताल सांभाळतो, श्वास सांभाळतो आणि शेवटपर्यंत धीर सोडत नाही, त्यासच ती वश होते. आरतीच्या पुढील आयुष्याकडे पाहता ह्या शैलीने तिला निवडले की तिने ह्या शैलीला, असा प्रश्न पडावा.

१९४८ साली मुंबईस राष्ट्रीय जलतरण स्पर्धा भरल्या. ह्या चिमुरडीने तेथे १०० मीटर मुक्त शैली व २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ह्या दोन शर्यतींत रौप्यपदके आणि २०० मीटर मुक्त शैलीत कांस्यपदक मिळविले. त्या काळी मुंबईच्या डॉली नाझीर ह्या भारतातील अग्रगण्य महिला जलतरणपटू होत्या आणि त्यांच्यापुढे इतरांचे काही चालत नसे. आरतीने त्यांनाच आपले लक्ष्य ठरविले. १९५१ साली पश्चिम बंगालच्या राज्यस्पर्धेत तिने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे अंतर १ मिनिट ३७.६ सेकंदांत तोडून डॉली नाझीर ह्यांचा अखिल भारतीय विक्रम मागे टाकला. त्या वेळी तिचे वय जेमतेम अकरा वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी, १९५२ साली, फिनलंड देशाच्या हेलसिंकी नगरीत ऑलिंपिक क्रीडासामने झाले. भारतीय पथकात चार महिला होत्या. धावण्याच्या शर्यतींसाठी नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा, तर जलतरणासाठी डॉली नाझीर आणि आरती साहा. वयाची बारा वर्षेही पुरी न झालेली आरती त्या पथकातील सर्वांत लहान खेळाडू होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आमचे पैलवान खाशाबा जाधव ह्यांनी स्वतंत्र भारताला वैयक्तिक प्रकारातील पहिले पदक मिळवून दिले, ते ह्याच हेलसिंकीत. महाराष्ट्राने त्या यशाचा अभिमान बाळगावा हे योग्यच; परंतु त्याच पथकातील अकरा वर्षांच्या मुलीची कहाणीही आमच्या मुलांना ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

हेलसिंकीत आरती २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत उतरली. तिला ३ मिनिटे ४०.८ सेकंद लागले आणि पहिल्याच फेरीत तिला स्पर्धेबाहेर पडावे लागले. ह्या शर्यतीचे सुवर्णपदक हंगेरीच्या एव्हा सेकेय ह्यांनी २ मिनिटे ५१.७ सेकंदांत जिंकले. म्हणजे अंतर सुमारे ४९ सेकंदांचे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून फेकण्याची, फुलपाखराच्या पंखांसारखी रीत त्या काळी नियमांत बसत होती, आणि सेकेय ह्यांनी तिचाच अवलंब केला होता. ऑलिंपिकनंतर ही रीत ब्रेस्टस्ट्रोकमधून वेगळी काढून तिची बटरफ्लाय नावाची स्वतंत्र शैली ठरविण्यात आली. तरीही सारा दोष नियमांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. जगातील उत्तमांपासून आपण किती दूर आहोत, हे त्या बालिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुष्कळांची उमेद अशा ठिकाणी खचते. आरती परत आली आणि पुन्हा पाण्यात उतरली.

ऑलिंपिकनंतर तिच्या वाट्यास आणखी एक पराभव आला, आणि तो घरातूनच आला. १०० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत तिची धाकटी बहीण भारती हिने तिच्यावर मात केली. सख्ख्या धाकट्या बहिणीकडून हरणे मनास लागणारच. परंतु आरतीने ह्या पराभवातून रुसवा न घेता धडा घेतला. मुक्त शैलीचा नाद सोडून तिने केवळ ब्रेस्टस्ट्रोकवर सारे लक्ष एकवटले. चार विहिरी अर्धवट खणण्यापेक्षा एकच पाणी लागेपर्यंत खणावी, हे आमच्या शेतकऱ्यास ठाऊक असलेले शहाणपण ह्या शहरी मुलीने आपल्या खेळात आचरून दाखविले.

आता आम्ही तिच्या चरित्रातील सर्वांत उज्ज्वल पर्वाकडे येतो. इंग्लंड आणि फ्रान्स ह्या देशांमध्ये जी समुद्राची पट्टी आहे तीस इंग्लिश खाडी म्हणतात. तिची कमीत कमी रुंदी सुमारे २१ मैल. पाणी अत्यंत थंड, वाऱ्याचा भरवसा नाही आणि भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरकस की, पोहणारा सरळ रेषेत कधीच जाऊ शकत नाही. सुमारे दर सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते आणि त्याला एकदा ह्या अंगास तर एकदा त्या अंगास ओढून नेते. त्यामुळे २१ मैलांचे अंतर प्रत्यक्षात कितीतरी वाढते. पोहणाऱ्याच्या बरोबर एक नाव असते आणि तिच्यातून त्याला खाणेपिणे दिले जाते. परंतु नावेस किंवा नावेतील माणसास हात लावून आधार घेतला की प्रयत्न बाद झाला. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब ह्या इंग्रजाने ही खाडी प्रथम पोहून पार केली. त्यास २१ तास ४५ मिनिटे लागली, आणि तो पोहला तो ब्रेस्टस्ट्रोकनेच. स्त्रियांत हा मान प्रथम अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली हिने १९२६ साली मिळविला.

१९५८ साली पूर्व बंगालचे ब्रजेन दास ह्यांनी खाडी पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत भाग घेऊन ती पार केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मिहिर सेन हे खाडी पोहणारे पहिले भारतीय ठरले. ब्रजेन दासांच्या पराक्रमाची वार्ता ऐकून आरतीने त्यांचे अभिनंदन केले. ही मुलगीदेखील खाडी पार करू शकेल असा विश्वास ब्रजेन दासांस वाटला आणि त्यांनी पुढील वर्षीच्या शर्यतीसाठी तिचे नाव संयोजकांस सुचविले. त्या काळी ते परदेशचे नागरिक होते. परंतु गुणी मुलीचे नाव पुढे करताना त्यांना सीमा आड आली नाही. मिहिर सेन ह्यांनीही तिला पाठबळ दिले.

विश्वास मिळाला, पण पैसा कोठून आणावा? सामान्य कर्मचाऱ्याच्या मुलीस विलायतेचा प्रवास, तेथील राहणे, सराव, नाव आणि नावाडी ह्यांचा खर्च पेलणारा नव्हता. हाटखोला मंडळाचे एक पदाधिकारी डॉ. अरुण गुप्ता ह्यांनी हे काम अंगावर घेतले. पोहण्याची प्रात्यक्षिके करून निधी गोळा करण्यात आला, हितचिंतकांनी धावाधाव केली, तरीही रक्कम अपुरी पडली. अखेर ही गोष्ट पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय ह्यांच्या कानी घालण्यात आली आणि त्यांनी ११,००० रुपयांची मदत मंजूर केली. पंतप्रधान पंडित नेहरू ह्यांनीही ह्या उपक्रमाविषयी आस्था दाखविली. एका मुलीचे यश जगाला दिसते. त्यामागे किती हातांनी दोर धरलेला असतो ते दिसत नाही. ज्ञातिमंडळे, क्रीडामंडळे, सार्वजनिक संस्था ह्या असतात कशासाठी, ह्याचे उत्तर आम्हांस ह्या प्रसंगात मिळते.

इकडे सराव चालूच होता. १३ एप्रिल १९५९ रोजी कलकत्त्याच्या देशबंधू उद्यानातील तलावात ती सलग आठ तास पोहली. पुढे तिने सोळा तास सलग पोहण्याचाही सराव केला, आणि तो संपत आला असता शेवटचे ७० मीटर वेगाने पोहून आपल्या अंगी अद्याप बळ शिल्लक असल्याचे दाखविले. २४ जुलै १९५९ रोजी डॉ. अरुण गुप्ता ह्यांच्यासह ती इंग्लंडला निघाली आणि १३ ऑगस्टपासून खाडीच्या पाण्यात तिचा अखेरचा सराव सुरू झाला. कलकत्त्याच्या उबदार पाण्यात वाढलेल्या देहास त्या थंड पाण्याची सवय करणे, हीच एक निराळी तपश्चर्या होती.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर एक वाजता फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापासून शर्यतीस प्रारंभ व्हावयाचा होता. २३ देशांचे ५८ स्पर्धक जमले होते आणि त्यांत महिला केवळ पाच. आरती किनाऱ्यावर सिद्ध होती. परंतु तिला वाट दाखविणारी नाव वेळेवर आलीच नाही. ती येईपर्यंत ४० मिनिटे निघून गेली. कोणास वाटेल, ४० मिनिटांनी असे काय बिघडते? आमचा शेतकरी असे म्हणणार नाही. वाफसा निघून गेलेल्या रानात पेरणी करावी तशीच ही गत. भरती-ओहोटीचे गणित मिनिटांवर बसविलेले असते. अनुकूल प्रवाह एकदा हातचा गेला की पुढील प्रत्येक तास प्रतिकूल होत जातो. तरीही ती पोहत राहिली. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा अवघा पाच मैलांवर आला. आणि तेथेच समोरून उलटा प्रवाह सुरू झाला. दुपारी चार वाजेपर्यंत, म्हणजे पाच तासांच्या झुंजीत, तिला जेमतेम दोन मैल पुढे सरकता आले. अखेर तिला पाण्याबाहेर यावे लागले.

किनारा डोळ्यांना दिसत असताना परत फिरणे काय असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. दोष तिचा नव्हता. ती मायदेशी परतली असती तर तिला कोणी नावे ठेवली नसती. उलट दैवाला दोष देऊन सर्वांनी तिचे सांत्वनच केले असते. परंतु ती परतली नाही. ऋतू सरत चालला होता, पाणी दिवसेंदिवस अधिक थंड होत होते, जवळचा पैसा मोजका होता. तरीही तिने पुनश्च प्रयत्न करण्याचा निश्चय केला. आमच्या मते तिच्या चरित्राचा खरा मोठेपणा खाडी पार करण्यात जितका आहे, तितकाच ह्या एका महिन्याच्या थांबण्यात आहे.

२४ सप्टेंबरला तिला एकोणिसावे वर्ष पुरे झाले आणि त्यानंतर पाचव्या दिवशी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, ती पुन्हा ग्री-ने भूशिरावरून पाण्यात उतरली. ह्या वेळी बरोबर स्पर्धक नव्हते. ती आणि समुद्र असे दोघेच. खवळलेल्या लाटांशी झगडत, प्रवाहांच्या ओढीने ४२ मैलांचे अंतर तोडीत, १६ तास २० मिनिटांनी तिने इंग्लंडच्या सँडगेट येथील किनाऱ्यावर पाय ठेविला. तेथे तिने भारताचा तिरंगा ध्वज फडकविला. इंग्लिश खाडी पोहून पार करणारी ती पहिली भारतीय स्त्री, किंबहुना साऱ्या आशिया खंडातील पहिली स्त्री ठरली. इंग्लंडमधील भारताच्या उच्चायुक्त श्रीमती विजयालक्ष्मी पंडित ह्यांनी सर्वांच्या आधी तिचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवरून ही वार्ता देशभर पोहोचली.

१९६० साली भारत सरकारने आरतीस पद्मश्री हा किताब देऊन गौरविले. हा बहुमान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू होय. ज्यांनी तिच्या मोहिमेचा भार वाहिला त्या डॉ. अरुण गुप्ता ह्यांच्याशी तिचा विवाह झाला. त्यांना अर्चना नावाची एक कन्या झाली. आरतीबाईंनी पुढे रेल्वेत नोकरी केली आणि संसार सांभाळला. जगप्रसिद्ध होऊनही त्यांचे उत्तरायुष्य साध्या मध्यमवर्गीय गृहिणीप्रमाणे आणि नोकरदार स्त्रीप्रमाणे गेले.

१९९४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी त्यांना कावीळ झाली आणि पाठोपाठ मेंदूज्वराने गाठले. ४ ऑगस्टला त्यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले. एकोणीस दिवस त्यांनी मृत्यूशी झुंज दिली. परंतु हा प्रवाह मात्र त्यांस उलटविता आला नाही. २३ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. १९९६ साली कलकत्त्यात त्यांच्या राहत्या घराजवळ त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला आणि १९९९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तीन रुपयांचे टपाल तिकीट काढले.

आरतीबाईंचे विक्रम आज विक्रम राहिलेले नाहीत. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे अंतर आजच्या मुली त्याहून कितीतरी कमी वेळात तोडतात, आणि खाडी पार करणाऱ्या भारतीय स्त्रियाही त्यांच्यामागून अनेक झाल्या. हे असेच व्हावयास हवे. पहिल्याने वाट पाडावी ती मागच्यांनी रुंद करावी म्हणूनच. म्हणून त्यांच्या चरित्रातून आकडे नव्हे, तर दोन गोष्टी आम्ही आमच्या घरांत आणाव्यात असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट आई-वडिलांसाठी. हुगळीच्या घाटावर त्या मातृहीन पोरीस कोणी पायरीवर बसवून ठेवले असते, तर आजचे हे चरित्र लिहिलेच गेले नसते. तिला पाण्यात उतरू देणारा एक आप्त होता, तिचे कौतुक करून तिला मंडळात घालणारा एक सामान्य पिता होता, आणि तिला जपणारी एक आजी होती. ह्यांपैकी कोणीही श्रीमंत नव्हते, कोणीही विख्यात नव्हते. आमच्या घरांत असे आप्त, असे वडील आणि अशा आज्या नाहीत काय? आमच्या तालुक्यात विहिरी आहेत, गोदावरी आहे, जायकवाडीच्या कालव्याचे पाणी आहे. पाण्याशी ज्यांचा संबंध जन्मभर सुटत नाही, त्या आमच्या मुलींना तरंगता येऊ नये, हे आता पुरे झाले. प्रत्येक मुलगी ऑलिंपिकास जाणार नाही, आणि जावी असा आमचा आग्रहही नाही. परंतु प्रत्येक मुलीला विहिरीचा काठ गाठता आला पाहिजे. पायऱ्यांची विहीर पाहावी, उन्हाळ्यात पाणी उथळ असताना प्रारंभ करावा, कमरेस दोर बांधावा, काठावर पोहणारे वडील माणूस दोर हाती धरून उभे असावे, आणि जाणती स्त्री जवळ असावी. कालव्याच्या वाहत्या धारेत किंवा पुराच्या नदीत शिकणाऱ्यास कदापि उतरू देऊ नये. एवढी दक्षता घेतली म्हणजे ह्या विद्येस पैसा लागत नाही. मनाची तयारी तेवढी लागते.

दुसरी गोष्ट आमच्या मुलामुलींसाठी. परीक्षेत, नोकरीत, शेतीत, व्यापारात किनारा दिसत असताना प्रवाह उलटल्याचा अनुभव प्रत्येकास केव्हा ना केव्हा येतो, आणि पुष्कळदा त्यात आपला दोषही नसतो. नाव दुसऱ्याचीच उशिरा आलेली असते. अशा वेळी आरतीबाईंचा तो एक महिना आठवावा. त्यांनी दैवाशी भांडण केले नाही, कोणाच्या नावाने बोटे मोडली नाहीत. पाणी थंड होत असताना त्या पुन्हा त्याच भूशिरावर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढील वर्षीची स्मरणिका निघेल तेव्हा आमच्या ज्ञातीतील चार-दोन तरी मुलींच्या पाठीवरचा भोपळा सुटलेला असावा, आणि त्यांच्या कमरेचा दोर त्यांच्या वडिलांनी आपल्या हातांनी सोडलेला असावा, हीच श्रीगोदावरीचरणी आमची प्रार्थना.